अमेरिकेतली मंजुरी नसलेली पेप्टाइड औषधं : प्रिस्क्रिप्शन आणि कंपाउंडिंगचे कायदे

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. ओझेम्पिक या मधुमेहाच्या इंजेक्शनमधलं सेमाग्लुटाइड हेही पेप्टाइडच, पण ते रीतसर मंजूर झालेलं आहे. ही नोंद आहे मंजुरी नसलेल्यांबद्दल, म्हणजे बीपीसी-157, सीजेसी-1295, इपामोरेलिन वगैरे, जी अमेरिकेतल्या वेलनेस आणि अँटीएजिंग क्लिनिकमधे दुखापत लवकर भरावी, स्नायू वाढावेत, झोप लागावी म्हणून इंजेक्शनने दिली जातात. यातल्या बहुतेकांच्या माणसांवर मोठ्या चाचण्या झालेल्याच नाहीत, आणि कायद्याचा सगळा गुंता तिथूनच सुरू होतो.

डॉक्टरचं लायसन्स राज्य देतं, औषधाला मंजुरी एफडीए ही केंद्र सरकारची औषध-नियामक संस्था देते. डॉक्टरने प्रॅक्टिस कशी करावी यात एफडीए सहसा पडत नाही, त्यामुळे मंजूर औषध लेबलवर नसलेल्या आजारासाठी लिहून देणं, ज्याला ऑफ-लेबल म्हणतात, ते सर्रास चालतं. इथे लोकांची मोठी गफलत होते. ऑफ-लेबलची मुभा मंजूर औषधाला आहे, बीपीसी-157 ला मुळात लेबलच नाही तर ऑफ-लेबल कुठून येणार? डॉक्टरच्या सहीने औषध मंजूर होत नाही, हे क्लिनिकवाले स्पष्ट सांगत नाहीत आणि त्यांनी ते सांगायलाच हवं. ग्रोथ हार्मोनचं तर आणखी कडक आहे, मान्य कारण सोडून ते कुणाला दिलं-विकलं तर केंद्रीय कायद्याने तो थेट गुन्हा आहे आणि 5 वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

मग ही औषधं येतात कुठून? कंपाउंडिंग फार्मसीतून. एखाद्या पेशंटला बाजारातलं तयार औषध चालत नसेल तर फार्मासिस्ट त्याच्यापुरतं बनवून देतो, ही जुनी आणि खरंच गरजेची पद्धत. 1997 साली केंद्रीय औषध कायद्यात तिच्यासाठी कलम 503ए आलं. 2012 मधे मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरच्या बुरशी लागलेल्या स्टेरॉइड इंजेक्शनांमुळे 750 च्या वर लोकांना मेंदुज्वर आणि इतर इन्फेक्शन झाली, 60 हून जास्त माणसं गेली. त्या फार्मसीकडे राज्याचं लायसन्स होतं, पण ती पेशंटच्या नावाचं प्रिस्क्रिप्शन नसताना घाऊक माल देशभर पाठवत होती. त्यानंतर 2013 मधे 503बी आलं. या कलमाखाली नोंदणी केलेल्या मोठ्या युनिट्सना प्रिस्क्रिप्शनशिवाय माल बनवता येतो, पण कारखान्यासारखे दर्जाचे नियम पाळावे लागतात आणि एफडीएची तपासणी होते.

पेप्टाइडचं घोडं अडतं ते कच्च्या मालावर. 503ए प्रमाणे फार्मसीने वापरायच्या पावडरचा एकतर अमेरिकन फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथात, मोनोग्राफ (त्या पदार्थाची प्रमाण-नोंद) हवा, किंवा ती एफडीएने मंजूर केलेल्या एखाद्या औषधातला घटक हवी, किंवा कंपाउंडिंगसाठी चालणाऱ्या कच्च्या मालाच्या एफडीएच्या खास यादीत (बल्क यादी) हवी. सर्मोरेलिन हे पेप्टाइड पूर्वी मंजूर औषध होतं म्हणून ते यात बसतं. बीपीसी-157 तिन्हीत बसत नाही. यादीत घालायच्या पदार्थांची छाननी चालू असताना एफडीएने मधल्या काळापुरत्या कॅटेगरी केल्या होत्या, कॅटेगरी 1 वर कारवाई करणार नाही असं म्हटलं, कॅटेगरी 2 म्हणजे सुरक्षेबद्दल गंभीर शंका. सप्टेंबर 2023 मधे बीपीसी-157, सीजेसी-1295, इपामोरेलिन, थायमोसिन अल्फा-1 सकट बरीच पेप्टाइड कॅटेगरी 2 मधे गेली, मुख्य कारणं अशी की अशुद्धी आणि शरीराची प्रतिकार-प्रतिक्रिया यांचा धोका आहे आणि माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. 2024 मधे काही नावं त्या कॅटेगरीतून निघाली तेव्हा "बंदी उठली" अशी आवई उठली, पण ती निघाली होती ती यादीत घालावीत म्हणून केलेले अर्ज मागे घेतले गेले म्हणून. कॅटेगरी 2 मधून नाव निघालं म्हणजे वरच्या तीन अटींपैकी एक पूर्ण झाली असं होत नाही. त्याच वर्षाच्या शेवटी एफडीएच्या सल्लागार समितीसमोर यातली काही पेप्टाइड आली, आणि समितीचं मत त्यांना यादीत घेण्याच्या विरोधात गेलं.

लांबीचाही नियम आहे. 23 मार्च 2020 पासून 40 हून जास्त अमिनो आम्लांची साखळी म्हणजे प्रोटीन, म्हणजे बायोलॉजिक (जैविक औषध, ज्याचे मंजुरीचे नियम वेगळे) असं धरलं जातं, आणि बायोलॉजिकला 503ए लागूच होत नाही. त्यामुळे एचसीजी हे हार्मोन आणि 44 आम्लांचं टेसामोरेलिन हे पेप्टाइड कंपाउंडिंगच्या बाहेर गेलं.

सेमाग्लुटाइडची गोष्ट वेगळी. ते एफडीएच्या औषध-टंचाईच्या यादीत होतं म्हणून फार्मसींना त्याच्या नकला बनवता येत होत्या, फेब्रुवारी 2025 मधे टंचाई संपल्याचं जाहीर झालं आणि 503ए फार्मसींना 22 एप्रिलपर्यंत, 503बी वाल्यांना 22 मेपर्यंत नकला थांबवायची मुदत मिळाली.

राज्यांचं काम यावर आणखी एक थर चढवतं. फार्मसी बोर्ड लायसन्स देतं, निर्जंतुक कंपाउंडिंगचे नियम तपासतं, दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा तर बहुतेक ठिकाणी तिथलंही वेगळं लायसन्स लागतं. मेडिकल बोर्ड बघतं की पेशंटला नीट तपासलं का, माहिती देऊन संमती घेतली का, नोंदी ठेवल्या का. नर्स प्रॅक्टिशनरने (औषध लिहून देऊ शकणारी जास्त शिकलेली नर्स) काय लिहावं हे राज्यागणिक बदलतं. मॉन्टानाने 2023 मधे पहिल्या टप्प्याची चाचणी झालेली प्रायोगिक औषधं मरणासन्न नसलेल्या पेशंटनाही मिळावीत असा कायदा केला, पण राज्याने सूट दिली तरी केंद्राचा औषध कायदा त्याने रद्द होत नाही.

शिक्षा कागदावरच राहते असंही नाही. केंटकीतल्या टेलर मेड कंपाउंडिंग या फार्मसीने 2020 मधे मंजुरी नसलेली पेप्टाइड विकल्याचा गुन्हा कबूल केला आणि जवळपास 17.9 लाख डॉलर सरकारजमा केले.

आणि ऑनलाइन मिळणाऱ्या "फक्त संशोधनासाठी" लिहिलेल्या व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या? एफडीए नुसतं लेबल बघत नाही, विकणारा डोस सांगतोय का, सिरिंज सोबत देतोय का, फायद्यांची जाहिरात करतोय का, यावरून खरा हेतू ठरवते, आणि अशा विक्रेत्यांना इशाऱ्याची पत्रं गेलीत. या व्हायलमधे कुठल्याच फार्मसी बोर्डाची तपासणी नसते, म्हणून कंपाउंडिंग फार्मसीच्या मालापेक्षाही ही जास्त धोक्याची. ज्याला घ्यायचंच आहे त्याने निदान फार्मसीचं नाव क्लिनिककडून लेखी मागावं, मग राज्याच्या बोर्डाच्या वेबसाइटवर तिचं लायसन्स आणि आधीच्या कारवाया सहसा फुकट बघता येतात.