पार्श्वभूमी : एफसी गोवाचं आक्रमण आणि मागची मोकळी जागा

इंडियन सुपर लीगमधल्या या फुटबॉल क्लबची 2014 ते 2016 ही ब्राझिली प्रशिक्षकाची वर्षं थोडक्यात आटोपता येतील. 2015 मध्ये फातोर्ड्यावर, म्हणजे घरच्याच मैदानावर, अंतिम सामन्यातला विजय शेवटच्या मिनिटांत निसटला. पुढच्या वर्षी संघ थेट तळाला गेला. जिच्यावर वाद होतो ती आक्रमक शैली 2017 मध्ये स्पॅनिश प्रशिक्षकाबरोबर आली.

मोरोक्कोचा मिडफिल्डर दोन सेंटर बॅकच्या (मधल्या बचावपटूंच्या) मध्ये उतरून चेंडू घ्यायचा आणि तेवढ्यात दोन्ही फुल बॅक (कडेचे बचावपटू) वर पळालेले असायचे. डावीकडचा तर मूळचाच विंगर, म्हणजे कडेचा आक्रमक. पहिल्या मोसमात 18 साखळी सामन्यांत 42 गोल केले, 28 खाल्ले. दोन्ही आकड्यांचं मूळ एकच : फुल बॅक वर असले की पासला माणूस मिळतो, पण चेंडू गेला की त्यांच्या मागे अख्खं मैदान मोकळं. प्रतिस्पर्ध्यांचा एक उपाय ती जागा गाठायचा, दुसरा म्हणजे त्या मिडफिल्डरलाच घेरायचं. 2019 च्या अंतिम सामन्यात, अंधेरीत, तो जादा वेळेत लाल कार्ड घेऊन गेला आणि 117व्या मिनिटाला कॉर्नरवरून गोल बसला.

मग तो निर्णय. 2020 च्या जानेवारीअखेर, साखळीतले तीन सामने उरलेले, संघ अव्वल, आणि प्रशिक्षकाला नारळ! निर्णयाचे समर्थक पुढच्या तीन सामन्यांतले 14 गोल दाखवतात : 4-1, 5-2, 5-0. साखळीत अव्वल ठरणाऱ्याला मिळणारी शील्ड मिळाली, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीचं तिकीटही. भारतीय क्लबला ते पहिल्यांदाच. पण ते गोल जुन्याच सरावाचे होते, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. उपांत्य फेरीत चेन्नईत 1-4 अशी धूळधाण झाली. परतीच्या सामन्यात पूर्वार्धातच 2-0 आघाडी, तरी तासाभराच्या आत दोन गोल खाल्ले. 4-2 जिंकूनही एकूण 5-6 ने बाहेर. दुखणं मात्र 2018 च्या उपांत्य फेरीतलंच, तेव्हाही चेन्नईनेच 3-0 केलं होतं. प्रशिक्षक बदलला म्हणून फुल बॅकमागची जागा भरत नाही.

2021 ची आशियाई मोहीम दुसऱ्या स्पॅनिश प्रशिक्षकाची. फातोर्ड्यावर कतार आणि अमिरातीच्या संघांशी 0-0, 0-0. बचावाचं कौतुक रास्तच. सहा सामन्यांत केलेले गोल मात्र दोन.