फ्लोरिन शिलारसाचा, क्लोरिन पाण्याचा

ज्वालामुखीतून निघणाऱ्या वायूंची यादी वाचली, की हायड्रोजन क्लोराइड आणि हायड्रोजन फ्लोराइड ही जोडी एका दमात येते. दोन्ही हॅलोजनची (फ्लोरिन-क्लोरिनच्या कुळातल्या मूलद्रव्यांची) आम्लं, दोन्हींनी डोळे आणि घसा जळतो, म्हणून आपण त्यांना एकाच खात्यात टाकतो. जमिनीखाली वितळलेल्या खडकात, म्हणजे शिलारसात मात्र या दोघांचा स्वभाव अगदी निराळा असतो.

फ्लोरिन सर्वांत क्रियाशील मूलद्रव्य, हे शाळेतच डोक्यात बसतं. त्यामुळे शिलारसातूनही तोच आधी उसळून बाहेर पडेल असं वाटतं. घडतं उलटं. शिलारसात मोकळा फ्लोरिन वायू नसतोच, फ्लोराइड आयन असतो: एक इलेक्ट्रॉन मिळवून शांत बसलेला. त्याची त्रिज्या सुमारे १३३ पिकोमीटर, ऑक्सिजनच्या आयनची सुमारे १४०. म्हणजे सिलिकेटच्या, सिलिकॉन-ऑक्सिजनच्या जाळ्याच्या रचनेत ऑक्सिजनच्या जागी तो सहज मावतो. ॲल्युमिनियम, सोडियम, कॅल्शियम यांच्याशी त्याचं चांगलं जमतं. सिलिकॉन-ऑक्सिजनच्या लांब साखळ्या तो तोडतो, त्यामुळे चिकट शिलारस पातळ होतो आणि आणखी कमी तापमानापर्यंत वितळलेला राहतो. थंड होताना हाच फ्लोराइड ॲपेटाइट, अभ्रक आणि अँफिबोल या खनिजांच्या स्फटिकांत हायड्रॉक्सिलची (OH गटाची) जागा घेतो. ग्रीनलंडमधल्या इव्हित्तूत इथला क्रायोलाइट हा याचा टोकाचा नमुना. फ्लोरिन इतका साठत गेला की ग्रॅनाइटच्या पोटात सोडियम-ॲल्युमिनियम फ्लोराइडचा खाणीएवढा साठा तयार झाला.

क्लोराइड आयनची त्रिज्या मात्र १८१ पिकोमीटर. सिलिकेटच्या चौकटीत त्याला अडचण होते, विशेषतः सिलिका जास्त असलेल्या शिलारसात. बेसाल्टमध्ये तो जरा बऱ्यापैकी विरघळतो. त्याची खरी ओढ पाण्याकडे. शिलारस वर चढू लागला, दाब उतरला आणि पाण्याचे बुडबुडे सुटले, की क्लोरिन त्यांच्यात पळतो. खोलीवर तो कडक मिठवणी बनवतो, आणि तांबं, शिसं, जस्त यांसारखे धातू या मिठवणीबरोबर वाहत जातात. तांब्याच्या काही मोठ्या साठ्यांच्या क्वार्ट्झमध्ये अडकलेल्या द्रवाच्या सूक्ष्म थेंबांत मिठाचे इवलेसे घनाकृती स्फटिक दिसतात. मला हे सर्वांत बोलकं वाटतं: थेंब थंड झाला, मीठ बाहेर पडलं, आणि घटनेचा पुरावा स्फटिकात बंद झाला.

या फरकाचा विवरापाशी उपयोग होतो. साधारण क्रम असा: कार्बन डायऑक्साइड सर्वांत आधी, खोलवर सुटतो, मग पाणी आणि गंधक, नंतर क्लोरिन, आणि फ्लोरिन अगदी शेवटी, तोही पुष्कळदा अर्धवटच. उरलेला फ्लोरिन थिजलेल्या लाव्ह्यात राहतो. इटलीतल्या एटनासारख्या ज्वालामुखीवर इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटरने दुरून गंधक, क्लोरिन आणि फ्लोरिन यांची गुणोत्तरं मोजतात. क्लोरिनच्या तुलनेत गंधक वाढलं, तर सहसा खालून ताजा शिलारस येतोय असा अंदाज बांधता येतो. कुठलाही एक आकडा एकटा घेतला तर फारसं काही कळत नाही.

पण फ्लोरिन इतका घट्ट बसलेला असेल, तर आइसलँडमध्ये १७८३ च्या उद्रेकानंतर इतकी गुरं का मेली? कारण स्फोट आणि लाव्हा प्रचंड असेल, तर सुटलेला थोडासा वाटाही पुष्कळ ठरतो. लाकीचा भेग-उद्रेक (जमिनीच्या लांब भेगेतून झालेला उद्रेक) जून १७८३ मध्ये सुरू झाला आणि आठ महिने चालला. फ्लोराइडचा थर बसलेलं गवत खाऊन गुरांचे दात आणि हाडं बिघडली. मेंढ्यांचा मोठा हिस्सा गेला आणि त्यानंतरच्या दुष्काळात लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा. त्या काळाला आइसलँडची माणसं ‘मोदुहार्दिंदिन’, म्हणजे धुक्याची हलाखी म्हणतात. आइसलँडच्याच हेक्ला ज्वालामुखीच्या १९७० च्या उद्रेकातही हाच त्रास झाला. इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की हायड्रोजन फ्लोराइड राखेच्या कणांवर चिकटतं. बारीक राखेचं वजनाच्या मानाने पृष्ठफळ जास्त, म्हणून ती दर ग्रॅमला जास्त फ्लोराइड घेऊन दूरवर जाते. विवरापासून लांब, जिथे राखेचा थर जेमतेम दिसतो, तिथेही चारा विषारी होऊ शकतो.

क्लोरिनबाबत एक फसवणूक मात्र निराळीच आहे. २०१८ मध्ये हवाईच्या किलाउआ ज्वालामुखीचा लाव्हा समुद्रात शिरला तेव्हा किनाऱ्यावर पांढरे ढग उठले. त्यात हायड्रोजन क्लोराइड होतं, आणि पाहणाऱ्याला ते शिलारसातून आलंय असं सहज वाटावं. प्रत्यक्षात तो क्लोरिन समुद्राच्या मिठातला होता. लाव्ह्याने फक्त पाणी उकळवून सुकवलं.