दक्षिण कोरियाचे निर्यात प्रोत्साहन धोरण

निर्यात वाढवून औद्योगिक विकास साधण्यासाठी दक्षिण कोरियाच्या शासनाने १९६० आणि १९७० च्या दशकांत राबविलेली व्यवस्था. विनिमय दर, स्वस्त कर्ज, करमाफी, आयात परवाने आणि वरून खालपर्यंतची कडक देखरेख हे तिचे भाग. १९६० साली देशाची निर्यात जेमतेम ३.३ कोटी डॉलर होती. १९६४ च्या नोव्हेंबरात ती १० कोटींवर गेली, १९७१ साली १०० कोटी ओलांडली आणि १९७७ च्या डिसेंबरात १,००० कोटी डॉलरचा टप्पा गाठला. या काळात डॉलरचे मोल घटले हे लक्षात घेतले, तरी हा वेग असाधारणच ठरतो. निर्यातदारांना सवलती त्या काळात भारतासह अनेक देश देत होते. कोरियात त्या जहाजावर चढलेल्या मालाशी घट्ट बांधलेल्या होत्या आणि अट पाळणाऱ्या कोणालाही मिळत होत्या, हा तेथला महत्त्वाचा फरक.

पार्श्वभूमी

कोरियन युद्धानंतर देशाची बरीचशी आयात अमेरिकी मदतीवर चाले. विकण्याजोगा माल म्हणजे टंगस्टन, लोहखनिज, कच्चे रेशीम, माकूळ आणि समुद्रशेवाळ. मे १९६१ मध्ये लष्करी उठावाने सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-ही यांच्यापुढे मदत आटत चालल्याचा पेच होता. डॉलर कमावल्याशिवाय धान्य, तेल आणि यंत्रे आणणे शक्य नव्हते. १९६२ ते १९६६ च्या पहिल्या पंचवार्षिक योजनेत भर खरे तर आयातीला पर्याय ठरतील अशा कारखान्यांवर होता. निर्यातीकडे वळण नंतर आले. तेही आधी आखून नव्हे, परकीय चलनाची गंगाजळी आटल्यामुळे.

निर्णायक पाऊल मे १९६४ मध्ये पडले. डॉलरचा अधिकृत दर १३० वॉनवरून (वॉन हे कोरियाचे चलन) २५५ वॉन करण्यात आला. तोवर निर्यातदाराला तोटा सोसून माल पाठवावा लागे आणि तो तोटा निर्यातीच्या बदल्यात मिळणाऱ्या आयात परवान्यांवर भरून काढावा लागे. नव्या दराने निर्यात स्वतःच्या पायावर परवडू लागली. पुढच्या सगळ्या सवलती या पायावर उभ्या आहेत. चलन महाग ठेवून वर अनुदाने वाटणाऱ्या देशांत हा पायाच नसतो, आणि मग अनुदान कितीही वाढवले तरी पुरत नाही.

व्यवस्था कशी चाले

सगळ्या यंत्रणेचा कणा होता परदेशी ग्राहकाच्या बँकेने उघडलेले, मालाचे पैसे मिळण्याची हमी देणारे पतपत्र, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत एलसी. कपडे शिवणारा कारखाना अमेरिकी दुकानाची एलसी घेऊन आपल्या बँकेत गेला की बँक त्या कागदाच्या आधारे दर डॉलरमागे ठराविक वॉन कर्ज देई. तारण म्हणून जमीन वा इमारत लागत नसे. कर्ज किती द्यायचे याला एकूण मर्यादाही नव्हती, कारण व्यापारी बँकेला ती रक्कम मध्यवर्ती बँकेकडून फेरकर्जाच्या रूपाने मिळे.

व्याजातला फरक मोठा होता. सप्टेंबर १९६५ च्या सुधारणेत बँकांचा सर्वसाधारण कर्जदर २६ टक्के झाला, तर निर्यात कर्ज ६.५ टक्क्यांवर राहिले आणि १९६७ पासून ६ टक्क्यांवर आले. समजा, २० लाख वॉन ९० दिवसांसाठी घेतले. साध्या दराने व्याज सुमारे १ लाख २८ हजार होते, निर्यात दराने ३२ हजार. म्हणजे कर्जाच्या जवळजवळ ५ टक्के रक्कम खिशात राहते. शिवणकामासारख्या चुरशीच्या धंद्यात ऑर्डर मिळणे न मिळणे एवढ्यावर ठरू शकते.

याहून दूरदृष्टीची तरतूद होती स्थानिक एलसीची. कपडे निर्यात करणारा कारखाना मूळ एलसीच्या जोरावर कापड गिरणीच्या नावे देशांतर्गत एलसी उघडी आणि मग गिरणीलाही तेच स्वस्त कर्ज व तीच करमाफी लागू होई. गिरणी पुढे सूतगिरणीसाठी तसेच करू शके. स्वतः कधीही बंदर न पाहिलेला पुरवठादार अशा रीतीने निर्यातदारांत मोजला जाई. ही सोय नसेल तर निर्यातदार कापड परदेशातून आणतो, कारण ते त्याला जकातमुक्त मिळते, आणि देशातला विणकर बाजूला पडतो.

करांची बाजू तीन भागांत होती. निर्यातीवरील उत्पन्नाला प्राप्तिकरात ५० टक्के सूट होती, ती १९७३ मध्ये काढून घेण्यात आली. निर्यात मालावर अप्रत्यक्ष कर नव्हते. निर्यातीसाठी आणलेल्या कच्च्या मालावर जकात माफ होती. १९७५ पासून मात्र जकात आधी भरायची आणि माल रवाना झाल्यावर परत घ्यायची अशी परताव्याची पद्धत आली. याशिवाय वीज आणि रेल्वेभाड्यात सवलत मिळे.

घट-तूट भत्ता हा यातला सर्वांत गमतीदार भाग. एक नग बनवायला किती कच्चा माल लागतो आणि किती वाया जातो, याचे प्रमाण अधिकारी ठरवून देत. समजा, १०० किलो तयार मालामागे १२० किलो सूत जकातमुक्त आणण्याची मुभा आहे आणि कारखान्याला प्रत्यक्षात १०८ किलोच लागते. उरलेले १२ किलो देशातल्या बाजारात चढ्या भावाने विकले जाई, कारण तिथे त्याच सुतावर जबर जकात होती. शासनाला हे माहीत होते. प्रमाण सैल ठेवणे म्हणजे अंदाजपत्रकात न दाखवता अनुदान देणे, असाच तो हिशेब होता. यातून एक चांगली गोष्टही घडली. सूत वाचविणाऱ्याचा फायदा वाढत असल्याने कारखान्यांत मालाच्या वापराला शिस्त आली. वाईट म्हणजे प्रमाण ठरविणाऱ्या टेबलाभोवती वशिलेबाजीला वाव राहिला.

लक्ष्ये आणि मासिक बैठक

१९६२ मध्ये परदेशी बाजारपेठा शोधण्यासाठी व्यापार प्रोत्साहन महामंडळ, म्हणजे कोट्रा, स्थापन झाले. त्याच सुमारास वार्षिक निर्यात लक्ष्ये ठरविणे सुरू झाले. देशाचे लक्ष्य वस्तूनिहाय, बाजारपेठनिहाय आणि मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत कंपनीनिहाय वाटले जाई. व्यापाराचा परवाना टिकवायचा तर किमान निर्यात दाखवावी लागे.

१९६० च्या दशकाच्या मध्यापासून राष्ट्राध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली दरमहा निर्यात प्रोत्साहन बैठक होऊ लागली. मंत्री, बँकांचे प्रमुख, निर्यातदार संघटना आणि कंपन्यांचे मालक एका खोलीत असत. मागील महिन्याचे आकडे लक्ष्याशी ताडून मांडले जात. एखाद्या मालाची आकडेवारी मागे पडली असेल तर कारण तिथेच विचारले जाई आणि अडचण जकात कचेरीतली की बँकेतली हे ठरवून संबंधित मंत्र्याला काम सोपविले जाई. पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा निघे. १० कोटी डॉलरचा टप्पा गाठला तो ३० नोव्हेंबर हा दिवस निर्यात दिन म्हणून साजरा होऊ लागला आणि त्या दिवशी निर्यातदारांना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते पदके दिली जात.

केसांचे टोप

धोरणाचे बळ आणि मर्यादा दोन्ही या एका वस्तूत दिसतात. १९६५ मध्ये अमेरिकेने साम्यवादी आशियातील केसांपासून बनविलेल्या टोपांवर बंदी घातली आणि अमेरिकेच्या बाजारातली चिनी मालाची जागा रिकामी झाली. कोरियन व्यापारी गावोगाव फिरून केस विकत घेऊ लागले. मानवी केस पुरेनात तेव्हा कारखाने कृत्रिम धाग्यांकडे वळले. यंत्रसामग्री नगण्य, काम हातांचे, भांडवल एलसीवर मिळालेले कर्ज. धोरणाला याहून सोयीचा धंदा सापडणे अवघड होते. १९७० पर्यंत टोप हे कपडे आणि प्लायवूडच्या पाठोपाठ देशाच्या प्रमुख निर्यात वस्तूंपैकी एक होते. नंतर फॅशन ओसरली आणि धंदा काही वर्षांत कोसळला.

हे टोप खेड्यांतून शहरात आलेल्या तरुण मुली गुंफत होत्या. मजुरी कमी ठेवणे हे धोरणात कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळा हिशेब त्यावर चालत होता. १९७० च्या कायद्याने परकी भांडवलाच्या कारखान्यांत संपावर कडक बंधने आली. मासान येथील मुक्त निर्यात विभाग, म्हणजे परकी भांडवलाच्या निर्यात कारखान्यांसाठी राखलेले क्षेत्र, हाही त्याच वर्षीचा. नोव्हेंबर १९७० मध्ये सोलच्या कापडबाजारात जॉन ते-इल या २२ वर्षांच्या कामगाराने श्रमकायदे पाळा अशी मागणी करीत स्वतःला पेटवून घेतले. ऑगस्ट १९७९ मध्ये बंद पडलेल्या वायएच या टोपांच्या कंपनीतील महिला कामगारांनी विरोधी पक्षाच्या कार्यालयात ठिय्या दिला. पोलिसांच्या कारवाईत एका कामगार महिलेचा मृत्यू झाला. त्यातून पेटलेल्या राजकीय संघर्षाच्या काळातच, २६ ऑक्टोबर १९७९ रोजी, पार्क यांची त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने हत्या केली.

जड उद्योगांकडे वळण आणि बिघाड

जानेवारी १९७३ मध्ये पोलाद, लोखंडाखेरीजचे धातू, यंत्रे, जहाजबांधणी, इलेक्ट्रॉनिक्स आणि रसायने या सहा क्षेत्रांची निवड झाली. पोहांगचा पोलाद कारखाना आणि उल्सानची जहाजगोदी ही त्यातली यशस्वी उदाहरणे. मात्र येथे मूळ नियम बदलला. आधी माल रवाना झाल्यावर लाभ मिळत असे. आता निवडक उद्योगसमूहांना निर्यात होण्याच्या कितीतरी आधी कर्जे मिळू लागली. चांगवॉनच्या यंत्रोद्योग संकुलात क्षमता उभी राहिली, पण बराच काळ पुरेसे काम नव्हते. स्वस्त कर्ज मोठ्यांकडे गेल्याने छोटे कारखाने सावकारी बाजाराकडे लोटले गेले. त्याआधीच, ३ ऑगस्ट १९७२ च्या वटहुकमाने कंपन्यांची सावकारी कर्जे गोठविली होती: ३ वर्षे परतफेड नाही, नंतर ५ वर्षांत महिना १.३५ टक्के व्याजाने फेड. कंपन्या वाचल्या. पैसे उसने देणाऱ्या लहान बचतदारांनी त्याची किंमत मोजली.

विनिमय दराचाही विसर पडला. डिसेंबर १९७४ पासून जानेवारी १९८० पर्यंत डॉलर ४८४ वॉनवरच बांधून ठेवला होता आणि त्या काळात देशात भाव भराभर वाढले. निर्यातदाराचा खर्च वाढत गेला, पण डॉलरमागे हाती येणारे वॉन तेवढेच राहिले. १९६४ ला जे दुरुस्त केले होते तेच पुन्हा बिघडले. १९८० साली दर ५८० करावा लागला. तेलाची भाववाढ, बुडालेले पीक आणि राजकीय अस्थैर्य यांची भर पडून त्या वर्षी अर्थव्यवस्था आक्रसली. १९८२ मध्ये निर्यात कर्जावरील व्याजसवलत संपविण्यात आली.

आजच्या नियमांत

१९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या अनुदान करारानुसार निर्यातीच्या अटीवर दिलेले अनुदान निषिद्ध आहे. कोरियाची व्याजसवलत आणि प्राप्तिकरातील सूट आज चालणार नाही. कच्च्या मालावर प्रत्यक्ष भरलेल्या करांचा परतावा मात्र चालतो, आणि त्यात वाजवी घट-तूट धरायलाही मुभा आहे. प्रमाण फुगविले तर तो जादा भाग अनुदान ठरतो. दरडोई राष्ट्रीय उत्पन्न १,००० डॉलरखाली असलेल्या देशांना सूट होती. भारताने सलग ३ वर्षे ती मर्यादा ओलांडल्यावर अमेरिकेने २०१८ मध्ये तक्रार केली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये संघटनेच्या तंटा मंडळाने भारताच्या अनेक निर्यात योजनांविरुद्ध निर्णय दिला. निर्यात मूल्याच्या टक्केवारीत बक्षीस देणारी एमईआयएस योजना बंद होऊन १ जानेवारी २०२१ पासून रोडटेप आली. इंधन, वीज आणि राज्यांच्या शुल्कांपैकी जे अन्य मार्गाने परत मिळत नाही तेवढेच तिच्यातून परत करावयाचे आहे. त्यामुळे निर्यातदाराला मिळणारा दर आता किती बक्षीस द्यायचे यावर नव्हे, तर मालाच्या किमतीत असे किती कर दडलेले आहेत याच्या पडताळणीवर ठरतो.