कुंडीतील भाजीपाला

जमिनीऐवजी कुंड्या, बादल्या, पिशव्या किंवा गोण्यांत घरापुरती भाजी पिकवण्याची पद्धत. परसबाग गच्चीवर नेली की झाले, असा समज असतो; तो चुकीचा आहे. परसात मुळे ओल शोधत खोल जातात. कुंडीत त्यांना भिंतीपलीकडे जागाच नसते. माती लवकर तापते, लवकर सुकते आणि खत पाण्याबरोबर निघून जाते. म्हणून कुंडीतल्या निम्म्या तक्रारी भांडे लहान असल्याने उद्भवतात आणि उरलेल्यांतल्या बऱ्याचशा ऊन कमी पडल्याने.

मेथी, पालक, कोथिंबीर यांना १५ सेंमी खोल ट्रे पुरतो. मिरचीला १०–१२ लिटर, टोमॅटो-वांग्याला २० लिटर (धुतलेली रंगाची बादली इथे उत्तम) आणि दोडका, कारले, दुधी यांना ४० लिटर माती लागते. १२ इंच रुंद व तितक्याच उंच पिशवीत सुमारे २० लिटर मावते, १५ इंचीत ४०; म्हणजे तीन इंच वाढले की मुळांची जागा दुप्पट होते. बुडाशी बोट जाईल एवढी पाच-सहा भोके पाडावीत. खड्यांचा थर घालू नये, पाण्याचा निचरा त्याने सुधारत नाही; भोकावर खापराचा तुकडा पुरे.

नुसती शेतातली माती कुंडीत दगडासारखी बसते. काळी माती तर सुकली की कडेने सुटते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते. एक भाग माती, एक भाग मुरलेले कंपोस्ट, एक भाग धुतलेले कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड हे मिश्रण बहुतेक भाज्यांना चालते. हलके मिश्रण वजनासाठीही हवे. ओल्या मातीच्या ३० सेंमी थराचे वजन दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भरते, तर माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार १५० किलोच्या आसपास आहे. म्हणून गच्चीभर वाफे करू नयेत. जड कुंड्या तुळयांवर, भिंतीच्या कडेने ठेवाव्यात.

महाराष्ट्रात हलक्या मातीमागे शेतीतले प्रयोगकर्ते श्रीपाद अच्युत दाभोळकर आणि त्यांच्या ‘प्रयोग परिवार’ या शेतकरी गटाची परंपरा आहे. पालापाचोळा अमृतजलात भिजवून, थर देऊन कुजवलेली ‘अमृतमाती’ याच वाटेवरची. अमृतजलासाठी १० लिटर पाण्यात १ किलो ताजे शेण, १ लिटर गोमूत्र व ५० ग्रॅम गूळ घालून रोज ढवळत तीन दिवस ठेवतात आणि दहापट पाणी मिसळून वापरतात. याच वाटेने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर ओल्या कचऱ्यातूनच बाग उभी राहिली.

फळभाज्यांना रोज सहा तास थेट ऊन हवे. बाल्कनी निवडताना सूर्याचा हिशेब करावा: दक्षिणेच्या बाल्कनीत ऑक्टोबर ते फेब्रुवारी ऊन आत येते, मे महिन्यात मात्र सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने वरचा स्लॅबच सावली करतो. उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊन नसतेच. तिथे पालेभाज्याच लावाव्यात. टोमॅटो दिवाळीच्या सुमारास लावणे बरे, कारण ३५ अंशांपुढे फुले गळतात. कोथिंबिरीसाठी धणे रगडून दोन फोडी करून रात्रभर भिजवावेत. ती आठ-बारा दिवसांनी उगवते, मेथी तीन-चार दिवसांत. कोंब दिसत नाहीत म्हणून तिसऱ्याच दिवशी माती उकरू नये.

पाणी घड्याळाकडे पाहून घालू नये. बोट दोन पेरे मातीत घालावे. कोरडे लागले तरच, भोकातून बाहेर येईपर्यंत द्यावे. कधी कोरडे, कधी चिंब असे झाले की टोमॅटोच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. हा रोग नव्हे. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळात पोचते, पाण्यात खंड पडला की ते पोचत नाही. अशा वेळी फवारणी व्यर्थ आहे, पाणी नियमित करावे. खाली ठेवलेल्या ताटल्या आठवड्यातून किमान एकदा रिकाम्या करून घासाव्यात, नाहीतर डेंगीचे डास होतात.

मिरचीची पाने वरच्या बाजूला वळली तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळली तर कोळी (बारीक कीड), असा ढोबळ ठोकताळा आहे. दोन्हींवर सुरुवातीलाच लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. पूर्ण चुरडा-मुरडा झालेले झाड उपटावे.

वेलाला फुले आली पण फळ नाही, ही उंच इमारतींतली नेहमीची तक्रार आहे. आधी नर फुलेच येतात, ती गळणारच. मादी फुलामागे बोटभर, हिरवा, लवदार इवलासा दोडका दिसतो. परागण झाले नाही तर तो पिवळा पडून झडतो. दहाव्या मजल्यावर कीटक क्वचितच येतात, म्हणून नर फूल खुडून, पाकळ्या मागे सारून, त्याचे केसर मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवावे. काकडी-कारल्याला हे सकाळी करावे. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी फुलतात. त्यांना सकाळी हात लावून उपयोग नाही.