फूट आणि पाखंड: चर्च दुभंगतं तेव्हा नेमकं काय तुटतं?

१४१५ सालचा जुलै महिना. कॉन्स्टन्स शहरात चर्चची महापरिषद बसलेली होती. ४ जुलैला पोप बारावा ग्रेगरी याच्या वतीने कार्लो मालातेस्ता या सरदाराने त्याचा राजीनामा वाचून दाखवला. सदतीस वर्षं पाश्चात्त्य चर्चमध्ये एकाच वेळी दोन, शेवटी तर तीन पोप नांदत होते. त्यातला एक आपणहून गादीवरून उतरला आणि परिषदेने त्याला कार्डिनल म्हणून मानाने सामावून घेतलं. दोनच दिवसांनी, ६ जुलैला, याच परिषदेने प्रागचा धर्मगुरू यान हुस याला कॅथेड्रलमध्ये उभं केलं. त्याच्या अंगावरची धर्मगुरूची वस्त्रं एकेक करून उतरवली, डोक्यावर सैतानांची चित्रं काढलेली कागदी टोपी चढवली आणि त्याला राजसत्तेच्या हवाली केलं. त्याच दिवशी त्याला जिवंत जाळलं. राख ऱ्हाइन नदीत सोडली.

ग्रेगरीचं प्रकरण फुटीचं होतं, हुसवर आरोप पाखंडाचा होता. आपल्याकडे ख्रिस्ती पंथांविषयी लिहिताना या दोन्हींना सरसकट ‘पंथभेद’ म्हटलं जातं आणि मग ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट, अँग्लिकन असे सगळे ‘कॅथलिकांतून फुटलेले’ म्हणून एकाच रांगेत बसतात. तिथेच घोटाळा होतो. कोण कशामुळे वेगळा झाला, हे त्यामुळे कधी कळतच नाही.

फूट म्हणजे श्रद्धा तीच, तिची ठरलेली कबुली म्हणजे मतांगीकार तोच, पण आज्ञा कोणाची मानायची आणि कोणाबरोबर एका वेदीवर ख्रिस्तप्रसाद घ्यायचा, यावरून तुटणं. पाखंड म्हणजे स्वतःला ख्रिस्ती म्हणवत असतानाच श्रद्धेतलं एखादं सत्य नाकारणं. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मविधीसंहितेत ७५१व्या कलमात या दोन्हींची व्याख्या शेजारीशेजारी दिली आहे. पाखंडाच्या व्याख्येत ‘हट्टाने’ हा शब्द आहे आणि तो फार मोलाचा आहे. नुसती चूक म्हणजे पाखंड नव्हे. चर्चने समजावून सांगितल्यावरही मागे न हटणं म्हणजे पाखंड. फुटीच्या व्याख्येत मात्र श्रद्धेचा उल्लेखच नाही. पोपच्या अधीन राहण्यास, किंवा त्याच्या अधीन असलेल्यांशी सहभागिता, म्हणजे एका वेदीवरचं नातं, ठेवण्यास नकार, एवढंच तिथे म्हटलं आहे.

मराठीत ‘पाखंडी’ हा शब्द आपण ढोंगी माणसासाठीही वापरतो. तो अर्थ इथे पार बाजूला ठेवायला हवा. हुस ढोंगी असता तर वाचला असता. ‘माझी मतं मागे घेतो’ एवढं त्याने खोटं म्हटलं असतं तर चितेवर चढावं लागलं नसतं.

मूळ ग्रीक शब्दही दोन आहेत. ‘स्खिस्मा’ म्हणजे कापडाला गेलेली फाट. जुन्या वस्त्राला नवं ठिगळ लावलं तर फाट वाढते, असं येशू म्हणतो तिथे हाच शब्द आहे. ‘हायरेसिस’ म्हणजे निवड, आणि त्यावरून एखाद्या मताचा गट. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल हे दोन्ही शब्द लागोपाठच्या ओळींत वापरतो. तेव्हा त्यांत फारसं अंतर नव्हतं. अंतर पडलं ते पुढे, चर्चला परतणाऱ्यांचं काय करायचं हे ठरवावं लागलं तेव्हा.

हा परतणाऱ्यांचा प्रश्न खरा व्यवहाराचा होता. डेशियस या रोमन बादशहाच्या छळात ज्यांनी भीतीपोटी धर्म नाकारला, त्यांना पुन्हा आत घ्यायचं की नाही, यावरून २५१ साली रोममध्ये नोव्हेशियन वेगळा झाला आणि त्याने स्वतःला बिशप करवून घेतलं. देवाविषयीची त्याची शिकवण चर्चचीच होती. नायसियाच्या ३२५च्या परिषदेने त्याच्या अनुयायांसाठी नियम केला: लेखी कबुली द्या आणि या, तुमचे धर्मगुरू धर्मगुरूच राहतील. त्याच परिषदेने समोसाताच्या पौलाच्या अनुयायांना मात्र सांगितलं की तुम्हाला नव्याने बाप्तिस्मा घ्यावा लागेल. हा पौल येशूच्या देवत्वाबद्दलच वेगळं शिकवत होता. पहिल्यांचं वस्त्र फाटलं होतं, दुसऱ्यांचा धागाच वेगळा ठरला. चौथ्या शतकात संत बाझिल यांनी एका पत्रात हीच वर्गवारी नीट मांडली: पाखंडात खुद्द श्रद्धेबाबत दुरावा असतो, फूट ही चर्चच्या कारभारातल्या आणि भरून येऊ शकणाऱ्या कारणांवरून पडते.

१३७८ ते १४१७ची महाफूट हे शुद्ध फुटीचं सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. कार्डिनलांनी आधी सहाव्या उर्बनला निवडलं, काही महिन्यांत ‘दबावाखाली निवडलं’ म्हणत दुसरा पोप उभा केला, आणि तो आजच्या फ्रान्समधल्या आव्हिन्यॉंला जाऊन बसला. मिस्सा तीच, संस्कार तेच, मतांगीकारातला एक शब्दही बदलला नव्हता. सिएनाची कॅथरीन रोमच्या पोपसाठी जीव तोडून पत्रं लिहीत होती आणि व्हिन्सेंट फेरर आव्हिन्यॉंच्या पोपच्या बाजूने उपदेश करत होता. आज दोघेही कॅथलिक चर्चचे संत आहेत. चुकीच्या पोपमागे गेलेला माणूसही संत होऊ शकला, कारण त्याची श्रद्धा कोणी संशयित मानलीच नाही.

आता खरा गुंता येतो. श्रद्धेतलं सत्य कोणतं, हे ठरवणार कोण? हुसला हेच विचारायचं होतं. पवित्र शास्त्रातून माझी चूक दाखवा, मी मागे हटतो, असं त्याचं म्हणणं होतं. परिषदेचं म्हणणं होतं की आम्ही निकाल दिला, तू तो मान. त्याने त्याआधीच, १४१२ साली, पोपकडून थेट ख्रिस्ताकडे दाद मागितली होती. शिक्षा पाखंडाची झाली, पण भांडणाच्या मुळाशी अधिकारच होता. मला वाटतं, चर्चच्या बहुतेक मोठ्या तुटी याच सांध्यावर झाल्या आहेत. वाद मताचा म्हणून सुरू होतो आणि ‘हे सांगणारे तुम्ही कोण?’ इथे येऊन थांबतो. मार्टिन लुथरचंही तेच झालं. १५१७चे प्रबंध पापाची शिक्षा माफ करणाऱ्या क्षमापत्रांबद्दल होते, पण १५१९ला लाइपझिगच्या वादविवादात त्याच्या तोंडून निघालं की महापरिषदाही चुकू शकतात, आणि हुसच्या काही विधानांत गैर काहीच नव्हतं. परतीची वाट तिथे बंद झाली.

इंग्लंडचा आठवा हेन्री याच्या उलट बाजूने आला. लुथरविरुद्ध लिहिलं म्हणून १५२१ साली खुद्द पोपने त्याला ‘श्रद्धेचा रक्षक’ ही पदवी दिली होती. १५३४ला त्याने स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरवून घेतलं, पण शिकवण जुनीच ठेवण्याचा आग्रह धरला. ३० जुलै १५४० रोजी लंडनच्या स्मिथफील्डमध्ये एकाच दिवशी सहा धर्मगुरू मारले गेले. तिघे सुधारणावादी होते. त्यांना पाखंडी म्हणून जाळलं. तिघे पोपला मानणारे होते. त्यांना राजद्रोही म्हणून फाशी देऊन कापलं. राजाच्या लेखी पहिल्या तिघांची श्रद्धा चुकली होती आणि दुसऱ्या तिघांची निष्ठा. अँग्लिकन चर्चचा उगम मतभेदात की फुटीत, असं कोणी विचारलं तर मी या एका दिवसाकडे बोट दाखवतो.

पूर्व आणि पश्चिम यांच्यातलं भांडण आणखी अवघड आहे, कारण दोन्ही बाजू त्याला एकच नाव देत नाहीत. १६ जुलै १०५४ रोजी पोपने पाठवलेल्या कार्डिनल हुंबर्टने कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियात वेदीवर बहिष्काराचं पत्र ठेवलं. त्यात त्याने ग्रीकांवर ठपका ठेवला की तुम्ही मतांगीकारातून ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द गाळले. प्रत्यक्षात ते शब्द मुळात नव्हतेच. पश्चिमेने ते नंतर घातले होते. रोम या दुराव्याला फूट म्हणतं. अनेक ऑर्थोडॉक्स ते वाढीव शब्द आणि पोपचा सार्वत्रिक अधिकार या दोन्हींना श्रद्धेतली चूक मानतात. मग १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपचा सर्व चर्चवरचा थेट अधिकार हा श्रद्धेचाच भाग म्हणून जाहीर केला. त्यामुळे कॅथलिक दृष्टीने दोन खाती एकमेकांत मिसळली. तोवर पोपची आज्ञा न पाळणं ही फूट होती. त्यानंतर ‘पोपला असा अधिकारच नाही’ असं म्हणणं हे एका धर्मसिद्धांताला नाकारणंही झालं.

पोप नसला म्हणजे फूट पडत नाही, असं मात्र समजू नये. १५ ऑक्टोबर २०१८ला मॉस्कोच्या चर्चने कॉन्स्टँटिनोपलशी सहभागिता तोडली. श्रद्धा, उपासना, सारं एकच. वाद इतकाच की युक्रेनच्या चर्चला स्वतंत्र चर्चचा दर्जा द्यायचा हक्क कोणाचा.

प्रोटेस्टंट पंथांत फुटीचं वजनच वेगळं आहे. १५३०च्या आउग्सबुर्ग कबुलीच्या, म्हणजे लुथरनांच्या श्रद्धेच्या जाहीर निवेदनाच्या, सातव्या कलमाप्रमाणे, चर्चच्या खऱ्या ऐक्याला शुभवर्तमानाची शिकवण आणि संस्कार यांवर एकमत पुरेसं आहे. माणसांनी घातलेले रिवाज सगळीकडे सारखे असण्याची गरज नाही. म्हणजे कारभार वेगळा असला तरी ऐक्य मोडलं असं होत नाही. तरीही अधिकाराचा काटा रुततोच. १८ मे १८४३ रोजी एडिनबरोत स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेतून थॉमस चामर्स आणि त्यांचे सहकारी उठून बाहेर पडले. काही दिवसांत सुमारे एक तृतीयांश पाळकांनी घर, पगार, चर्चची इमारत सोडली. विश्वासाची कबुली दोन्हीकडे एकच होती. मंडळीने पाळक निवडायचा की जमीनदाराने नेमायचा, एवढ्यावर हे घडलं. ती फूट बहुतांशी भरून निघायला १९२९ साल उजाडलं.

दोन दुखणी वेगळी, त्यामुळे त्यांचं बरं होणंही वेगळं. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल आणि अस्सिरियन चर्चचे प्रमुख चौथे मार दिन्खा यांनी येशूच्या स्वरूपाविषयी समान निवेदनावर सही केली. ज्या वादावरून पाचव्या शतकापासून ‘नेस्टोरियन पाखंडी’ असा शिक्का बसला होता, त्यात दोघांची श्रद्धा एकच आहे असं त्यांनी मान्य केलं. शिक्का पुसला गेला, पण पूर्ण सहभागिता अजून आलेली नाही. १९९९ला लुथरन आणि कॅथलिक यांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरवला जाण्याच्या सिद्धांतावर, म्हणजे लुथरच्या काळजातल्याच विषयावर, संयुक्त जाहीरनामा काढला. वेद्या मात्र आजही दोन आहेत. १९६५ला १०५४चे बहिष्कार दोन्ही बाजूंनी स्मृतीतून पुसून टाकले, तरी गाडं अडलं ते पोपच्या अधिकारावरच.

हे दुसऱ्या जॉन पॉल यांना ठाऊक होतं. १९९५च्या आपल्या परिपत्रकात त्यांनी इतर चर्चच्या प्रमुखांना आणि धर्मपंडितांना विनंती केली, की माझं हे पद कोणत्या पद्धतीने चालवलं तर तुम्हालाही ते मान्य होईल, याचा शोध माझ्याबरोबर घ्या. त्यावर आलेल्या उत्तरांचा आणि त्यानंतरच्या संवादांचा गोषवारा व्हॅटिकनने जून २०२४ मध्ये प्रसिद्ध केला.