घर बांधताय? फर्निचरचं आधी बोला, रंग झाल्यावर नको

नमस्कार. आमचं काम फर्निचरचं आणि आतल्या फिनिशिंगचं, लातूर आणि आजूबाजूच्या तालुक्यांत. आमच्याकडं येणारे बहुतेक जण वास्तुशांतीची तारीख धरूनच येतेत, फरशी झालेली, रंगाचे दोन हात झालेले, आणि मग म्हणतेत आता तेवढं किचन अन् दोन वॉर्डरोब करून द्या. करून देतो की, पण तोवर स्विचबोर्ड नेमका वॉर्डरोबच्या मागं गेलेला असतो, चिमणीच्या पाइपला सहा इंची होल काढायला नवीकोरी टाइल फोडावी लागते, आणि हा तोडफोडीचा खर्च कुणीच बजेटात धरलेला नसतो. म्हणून हे पत्रक काढलंय. भिंती लिंटेलपर्यंत (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीपर्यंत) आल्या की एकदा भेटा, काम आम्हालाच द्या असं काही नाही.

पाया आणि बीम-कॉलम

हे काम इंजिनिअरचं, आमचं नाही. तरी सांगतो, कारण आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात आकसते, पाया मुरमापर्यंत गेला नसंल तर भिंतीला तडे जातेत, दरवाजे अडकतेत, वॉर्डरोबच्या शटरची, म्हणजे दाराची, लेव्हल जाते आणि बोलणी सुतार खातो. दुसरं, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपण विसरलेलो नाही, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्यानंच जास्त माणसं दाबली. आता आरसीसी आलं खरं, पण लोक पाइप लपवायला नाहीतर टीव्हीची वायर न्यायला बिनधास्त कॉलमला चर मारतेत. इंटिरियरवाला कुणीही असो, आमचा मुलगा असला तरी, बीम-कॉलमला मशीन लावायला निघाला तर सरळ नाही म्हणा.

प्लास्टरच्या आधी ठरवायचं

प्रत्येक खोलीत पलंग कुठं, कपाट कुठं, टीव्ही कोणत्या भिंतीला, देवघर कुठं हे खडूनं जमिनीवर आखा. गंमत नाही, खरंच आखा. मग त्या आखणीवर इलेक्ट्रिशियनला उभं करा. पलंगाच्या दोन्ही बाजूला पॉइंट, लाइटचा टू-वे स्विच, हे तेव्हाच सुचतंय. लाइटला १.५ स्क्वेअर एमएम वायर, साध्या पॉवर पॉइंटला २.५, आणि एसी, गिझरला ४ ची वेगळी लाइन थेट डीबीपासून (मेन स्विचच्या डब्यापासून). डीबीत ३० मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइट तोडणारा स्विच, घालाच, बाथरूममधल्या शॉकपासून तीच वाचवते.

एसीचं सगळे म्हणतेत आम्हाला नको, कूलरवर भागतंय, आणि पुढच्या मे महिन्यात घेतेत. तर आत्ताच त्याच्या पाण्याचा पाइप उतार देऊन भिंतीत टाकून ठेवा. आणि कूलरच लावणार असाल तर खिडकीचं ग्रिल त्या मापानं करा, बाहेर स्टँड, पॉइंट अन् पाण्याची पाइप तिथंच द्या, रोज बादल्या कोण ओतणार. इन्व्हर्टरचं वायरिंगही सुरुवातीलाच वेगळं काढा, बॅटरी हवा खेळती राहील अशा जागी ठेवा, जिन्याखाली कोंडून नको.

पाणी

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळं हौदाचं महत्त्व इथं कुणाला सांगायची गरज नाही, फक्त हिशोब करून बांधा. माणशी रोज १३५ लिटर धरलं तर पाच माणसांना ६७५ लिटर, आठ दिवसाला ५४००. सहा बाय सहा बाय सहा फुटांच्या हौदात अंदाजे ६१०० लिटर बसतंय. हौद सेप्टिक टँकपासून लांब घ्या. बोअरचं पाणी जड असंल तर गिझरच्या कॉइलवर अन् नळांवर पांढरा थर बसतोच, म्हणून किचनमध्ये नळाची आणि बोअरची अशा दोन लाइनी वेगळ्या आणा. बाथरूमच्या टाइल लावायच्या आधी पाइपचं प्रेशर टेस्टिंग करून घ्या, वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी तुंबवून निदान २४ तास ठेवा आणि खालच्या छताला ओल आली का बघा. गवंड्याला घाई असते, तुम्हाला नसावी.

किचन

ओट्याची उंची आर्किटेक्टला नका विचारू, घरात जास्त स्वयंपाक ज्या करतेत त्यांना विचारा. साधारण ३२ ते ३४ इंच बसते, पण शेगडीची उंची वरून वाढते हे कुणी धरत नाही. भाकरी थापायला ओट्याचा एक तुकडा जरा खाली ठेवला तर खांदे भरत नाहीत, तुम्ही मागितलं तर आम्ही करून देतो, कॅटलॉगमध्ये हे सापडणार नाही. तसंच वर्षाची ज्वारी, गहू, तूरडाळ. मॉड्युलर किचनच्या चित्रात पोत्याला जागाच नसते! त्यासाठी छोटी स्टोअर रूम ठेवा, कप्पे कडाप्प्याचे करा, प्लायचे नको. सिंकखालीही प्लाय टाळा, तिथं कडाप्पा नाहीतर डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा अन् प्लास्टिकची शीट). ट्रॉल्या ३०४ स्टीलच्या घ्या, २०२ स्वस्त असतं पण ओल्या भांड्यांनी लवकर गंजतंय.

प्लाय

प्लायवर शिक्का असतो तो वाचा. आयएस ७१० म्हणजे मरीन, किचन आणि बाथरूमजवळ हेच. आयएस ३०३ मध्ये एमआर (नुसत्या दमटपणाला टिकणारं) पण येतं अन् बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारं) पण, एमआर पाण्याला टिकत नाही, त्यामुळं नुसतं ३०३ बघून खूश होऊ नका. शीट ८ बाय ४ ची, म्हणजे ३२ स्क्वेअर फूट. कापल्यावर शिक्का कुठं गेला कळत नाही, म्हणून माल उतरतानाच बघा, फोटो काढा. वाळवीचं औषध पाया आणि जोत्याच्या वेळी जमिनीतच मारलं पाहिजे, नंतर कपाटाच्या पायाला लावून फार उपयोग होत नाही. आणि भिंत ओली असताना फर्निचर लावायचा आग्रह धरू नका, प्लाय वाकतंय, मागं बुरशी येते. क्रम असा: फरशी, मग पीओपी, पुट्टी-प्रायमर, रंगाचा पहिला हात, मग फर्निचर, शेवटचा हात सगळ्यात शेवटी. फरशीवर प्लास्टिक टाकून वरून पीओपीचा थर द्यायला विसरू नका.

रेट आणि पैसे

दोन गुत्तेदारांचे रेट शेजारी ठेवून नुसते आकडे बघू नका. एक जण समोरचं माप धरतो, दुसरा प्रत्येक बाजू मोजतो. आतून लॅमिनेट आहे का नुसता रंग, मागचं प्लाय किती एमएमचं, बिजागरी अन् ड्रॉवरचे चॅनल कोणत्या कंपनीचे, जीएसटी धरलाय का वरून लागणार, हे कागदावर लिहून घ्या. आम्ही इसार २० टक्के घेतो, प्लाय साइटवर उतरून तुम्ही शिक्का बघितला की ४०, शटर बसले की ३०, आणि राहिलेले १० टक्के तुम्ही राहायला गेल्यावर महिन्यानं, कारण शटरची लेव्हल वापरल्यावरच कळते. मधेच डिझाइन बदललं तर फरक तेव्हाच लिहून सही घेतो, शेवटी वाद नको.

येताना घराचा नकाशा आणा, नसंल तर टेपनं मापं घेऊन कागदावर काढलं तरी चालतंय. स्वयंपाक करणाऱ्यांना सोबत आणा. पहिल्या भेटीचे पैसे नाहीत, साइट लातूरच्या बाहेर असंल तर फक्त पेट्रोल द्यायचं.