वणव्यानंतरच्या अळंब्या : स्मोकी पर्वतातल्या पाहणीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाइतकी बारकाईने धुंडाळलेली जंगले थोडीच असतील. टेनेसी विद्यापीठाचे एल. आर. हेसलर यांनी इथे कित्येक दशके अळंब्या गोळा केल्या. १९३४ साली, उद्यान स्थापन झाले त्याच वर्षी, विद्यापीठातल्या इमारतीला आग लागून तिथला वनस्पतिसंग्रह नष्ट झाला, आणि तो पुन्हा उभा करावा लागला. पुढे १९९८ पासून उद्यानातल्या झाडून साऱ्या सजीवांची यादी करण्याचे काम सुरू झाले. तरीही या यादीतून जळलेल्या जमिनीवर उगवणाऱ्या अळंब्यांचा जवळजवळ अख्खा गट निसटून गेला होता.

तो दिसला २०१६च्या वणव्यानंतर. त्या वर्षी कडक अवर्षण होते. नोव्हेंबरअखेर लागलेली आग वादळी वाऱ्याने गॅटलिनबर्ग गावापर्यंत पोहोचली आणि १४ माणसे दगावली. त्या दुःखातून परिसर सावरत असतानाच बुरशीतज्ज्ञ कॅरन ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळिताच्या जागा तपासायला घेतल्या. कुठे जमीन किती होरपळली आणि कोणती अळंबी कधी उगवली याची दोन वर्षे नोंद ठेवली, ओळख डीएनएवरून पक्की केली. एकूण ४१ प्रकार मिळाले. त्यातले २२ वाटीच्या आकाराच्या अळंब्यांच्या गणातले, आणि या २२ पैकी उद्यानात आधी नोंदलेला फक्त एक! उद्यानाच्या यादीत २७ नव्या नावांची भर पडली.

माझ्या मते यात आधीच्या संग्राहकांची हयगय नाही. विसाव्या शतकात बराच काळ अमेरिकेत वणवा दिसला की विझवायचा, हेच धोरण होते. १९३५ मध्ये वनखात्याने तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आग आटोक्यात आणण्याचा दंडक घातला. राष्ट्रीय उद्यानांनी आपली भूमिका बदलली ती १९६८ मध्ये. जळीतच नाही, तर जळितावरची अळंबी सापडणार कुठून?

विज्ञानाला मात्र या अळंब्यांची, म्हणजे बुरशांची, ओळख जुनी होती. १९०९ मध्ये अमेरिकन बुरशीतज्ज्ञ फ्रेड सीव्हर यांनी पायरोनेमा या नारिंगी बुरशीवर लिहिले आणि पुढच्याच वर्षी एका सहकाऱ्यासोबत दाखवले, की माती तापली की तिच्यातली पोषणद्रव्ये विरघळण्याजोगी होतात आणि त्यावर ही बुरशी फोफावते. तापलेल्या मातीत स्पर्धकही मेलेले असतात. ऑस्ट्रियात माइनहार्ड मोझर यांनी १९४९ मध्ये वणव्यांचा अळंब्यांवरचा परिणाम मांडला. १९७० मध्ये डेन्मार्कचे पी. एम. पेटर्सन यांनी शेकोट्यांच्या जागांवर उगवणाऱ्या बुरशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फक्त जळितावर वाढणाऱ्या आणि एरवीही दिसणाऱ्या बुरशा त्यांनी वेगळ्या काढल्या. वणव्याची वाट न पाहता शेकोट्यांच्या जागा तपासणे ही मला या विषयातली फार मोलाची पायरी वाटते.

स्मोकीतल्या पाहणीने वेळेचे महत्त्वही दाखवून दिले. आगीनंतर चार ते सहा महिन्यांत बहर आला, मग ओसरला. काही प्रकार अडीच वर्षांपर्यंत उगवत राहिले. म्हणजे पहिला वसंत हुकला की यादी लंगडी राहते. जळितात फिरणे धोक्याचे असते हे खरे, पण अभ्यासकांना तिथे लवकर जाऊ देण्याची सोय व्हायलाच हवी.

दोन वणव्यांच्या मधल्या काळात या बुरशा राहतात कुठे, हा प्रश्न उरतोच. माती आणि तिच्यातले बीजाणू हे एक उत्तर. पण २०२० मध्ये याच उद्यानातल्या कामातून दुसरेही पुढे आले : जळितावर उगवणाऱ्या काही बुरशा शेवाळ आणि दगडफुलांच्या आत गुपचूप राहत असल्याचे डीएनएवरून आढळले. तेव्हा न जळलेल्या जंगलातही त्यांचा शोध घेता येतो. मात्र तो जमिनीवर डोळे लावून लागणार नाही. शेवाळाचा तुकडा प्रयोगशाळेत न्यावा लागेल.